स्वप्नीलचे हात आणि शिकणारा मीटर

असोद्याच्या स्वप्नीलला देवाने डोकं बरं दिलं होतं, पण हात देताना काहीतरी गडबड केली. डोकं विचाराला बसायच्या आत हात काम उरकून मोकळे. हे तो स्वतःच टपरीवर सांगायचा, आणि सांगता सांगता टपरीवाल्याची काडेपेटी उचलून त्यातल्या काड्या मोडत बसायचा.

शाळा सुटली तीही अशीच. नववीत सरांनी त्याच्या बाकावरच्या मित्राला काही कारण नसताना वर्गाबाहेर काढलं. स्वप्नील उठला, दप्तर भिरकावलं, "हा बाहेर तर मीही बाहेर" म्हणून चालता झाला. दुसऱ्या दिवशी मित्राचे वडील येऊन सरांना भेटले, मित्र परत बाकावर बसला. स्वप्नील मात्र बाहेरच राहिला. एकदा बोललो म्हणजे बोललो. तो मित्र आज बँकेत आहे, एसीत बसतो. स्वप्नील पासबुक भरायला गेला की काचेपलीकडून हात करतो. "आपल्या आंदोलनाने एक माणूस तरी शिकला," असं स्वप्नील म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचा.

मग त्याने केळीच्या गाड्या भरल्या. केळी हळू ठेवायची असतात, हे त्याला जमलं नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात राहिला. मोबाइल उघडायचा तो फार झपाट्याने, पण दोन मोबाइल उघडे असले की कोणता स्क्रू कुणाचा ते त्याला आठवायचं नाही. असं करत करत तो जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात लागला, आणि तोताराम नानांच्या हाताखाली आला.

चटई कशी होते ते थोडक्यात सांगतो. मशीनच्या एका टोकाला प्लास्टिकचा दाणा टाकायचा. आत लांब लोखंडी नळकांड्यात स्क्रू फिरतो, बाहेरून हीटर तापतात, दाणा वितळतो, आणि दुसऱ्या टोकाने शेवेसारख्या बारीक नळ्या निघून पाण्याच्या टाकीत पडतात. त्या नळ्या लूमवर विणल्या की चटई. सगळा खेळ तापमानाचा. जास्त तापलं की नळी पातळ होऊन तुटते, कमी तापलं की जाड आणि खरबरीत निघते. जुन्या मशीनवर तापमानाचं एक काट्याचं घड्याळ होतं आणि त्याखाली फिरवायचं बटन. त्या बटनावर तोताराम नाना.

नाना धुळ्याकडचे, सोनगीरचे. बोलायचे अहिराणी, आणि तीही मोजून मापून. स्वप्नील आला त्या दिवशी त्यांनी त्याला एकच धडा दिला.

"बटन फिराव, मंग चहा पे. चहा सरस तवलोंग हात खिसामा."

धडा सोपा होता. लोखंड जाडजूड. बटन आत्ता फिरवलं तर उष्णता आत पोचायला वेळ लागतो, काटा त्याच्याही नंतर हलतो. म्हणून थोडं फिरवायचं आणि वाट बघायची. वाट बघणं म्हणजे चहा, आणि चहा संपेपर्यंत हात खिशात.

स्वप्नीलने बटन फिरवलं. काटा हलला नाही. त्याने अजून फिरवलं. तरी हलेना, तेव्हा त्याला काट्याचा राग आला आणि त्याने पार टोकापर्यंत फिरवलं. मग काटा जो सुटला तो थांबेना. याने घाबरून सगळं उलटं फिरवलं, तर तो तिकडे जाऊन बसला. त्या दिवशीची नळी अजगराने बकरी गिळावी तशी निघाली, मध्येच फुगीर, मध्येच सुतासारखी. लूमवरची माणसं शिव्या देत आली. नाना चहाचा कप धरून उभे होते.

"तुना हातले खाज शे का रे?" ते म्हणाले. बस, तेवढंच. शेठपर्यंत गोष्ट गेली तेव्हा "मशीन बिघडेल व्हतं" असं सांगून नानांनी ते स्वतःवर घेतलं.

त्या दिवसापासून स्वप्नील नानांचा. म्हणजे असा की नानांना कुणी "म्हाताऱ्या" म्हटलं तर हा दोन लूम ओलांडून भांडायला जायचा. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, काटा धूसर दिसायला लागला, तेव्हा हा रोज त्यांच्या शेजारी उभा राहून स्वतःशीच बोलल्यासारखा पुटपुटायचा, "दोनशेच्या थोडा खाली आहे वाटतं." नाना बटन जरासं फिरवायचे. दोघांनीही याबद्दल एकमेकांना कधी काही म्हटलं नाही. नाना पडले तर आपण पडलो, असा स्वप्नीलचा हिशेब. स्वतःला तो नानांचा चष्मा म्हणायचा. तोही एका काडीचा.

मग अर्पित आला. अर्पित म्हणजे शेठजींचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला. माणूस सरळ, पण कारखान्यात आला की प्रत्येक वस्तूकडे बदलायची म्हणूनच बघायचा. एक दिवस खोक्यांतून नवे मीटर आणले. काटा नाही, लाल आकडे.

"हा मीटर स्वतः शिकतो," अर्पितने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "ऑटोट्यून दाबलं की तो मशीनला थोडं जास्त तापवतो, बंद करतो, थंड होऊ देतो, परत तापवतो. आपण किती पुढे गेलो, किती वेळाने खाली आलो, हे बघून ठेवतो. त्यावरून ठरवतो की या मशीनला किती जोर लावायचा आणि कधी थांबायचं. नंतर बटन नाही, काही नाही. दाणा बदलला, ऊन वाढलं, तरी चालता चालता स्वतःला बदलून घेतो. तीही सोय यात आहे."

स्वप्नीलला पहिल्यांदा अपमानच वाटला. पत्र्याचा डबा शिकतो, चालता चालता शिकतो, आणि आपल्याला बसवून शिकवलं तरी नाही. मग त्याच्या लक्षात आलं. बटन नाही म्हणजे नाना नाहीत.

"नाना, काही बोला ना तुम्ही," तो मागून म्हणाला. "तुम्हाला गेटवर बसवून देतील हे."

"चांगला शे मीटर," नाना म्हणाले. "बसाडू दे."

स्वप्नीलला वाटलं, बिचारे मन मारून बोलून राह्यले. इथेच त्याने आपलं डोकं बाजूला ठेवलं आणि हातांना मोकळं सोडलं.

मीटर बसवायचा दिवस ठरवला झमकूबाईंनी. झमकूबाई म्हणजे अर्पितच्या आजी. सगळा कारखाना त्यांना मांजी म्हणायचा. मांजींच्या घरात नवीन वस्तू मुहूर्ताशिवाय चालू झाली नव्हती, अगदी मिक्सरसुद्धा. आणि आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, मुहूर्त वर्षात दुसरा कुठला. पण खान्देशात आखाजीला कामावर कोण येणार. पोरी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, पुरुष पत्ते कुटत बसलेले. कारखाना बंद, मशीन रिकामं, लूम गप्प. आले फक्त अर्पित, मांजी, सांजोऱ्यांचा डबा घेऊन नाना, आणि नाना आले म्हणून स्वप्नील.

मीटर कंपनीचा माणूस हितेंद्र येणार होता, पण तोही आखाजीला गावी गेलेला. त्याचा फोन आला तेव्हा अर्पितच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्यात उदबत्त्या.

"स्वप्नील, घे रे. काय म्हणतोय ऐक आणि मला सांग."

स्वप्नीलने फोन कानाला लावला. हितेंद्र घाईत होता, मागे पोरं ओरडत होती. "भाऊ, एक लक्षात ठेवा. रिकाम्या मशीनवर ऑटोट्यून करू नका. आधी दाणा टाका, स्क्रू रोजच्या स्पीडने फिरू द्या, मग बटन दाबा. नाहीतर तो चुकीचं शिकेल. आणि हीटरसमोरचा पंखा बंद ठेवा. अर्पितसरांना सांगता ना?"

"सांगतो," स्वप्नील म्हणाला.

अर्पितने विचारलं, "काय म्हणाला?"

स्वप्नीलने रिकाम्या मशीनकडे बघितलं. नानांकडे बघितलं. नाना रुमालाने सांजोऱ्यांचा डबा पुसत होते.

"शुभेच्छा म्हणे," तो म्हणाला.

नारळ फुटला. मांजींनी मीटरला कुंकू लावलं, तेही नेमकं आकड्यांवर, मग अर्पितने हळूच ते पुसलं. ऑटोट्यून दाबलं. मीटरचा एक दिवा लुकलुकायला लागला आणि तो मन लावून शिकू लागला. रिकामं नळकांडं, न फिरणारा स्क्रू, समोर घरघरणारा पंखा. शिकला बिचारा. कुणीतरी चुकीचं शिकवलं तर शिकणाऱ्याचा काय दोष, हे स्वप्नीलला त्या वेळी सुचलं नाही. त्याने दोन सांजोऱ्या खाल्ल्या. संध्याकाळीच अर्पित नात्यातल्या लग्नासाठी राजस्थानला निघून गेला.

कामावर माणसं आली, दाणा पडला, स्क्रू फिरला, आणि मीटर गोंधळला. त्याला वाटलं होतं मशीन हे असं निवांत, पोकळ असतं. आता थंड दाणा उष्णता पिऊन राह्यला होता आणि घासला जाऊन गरमही होऊन राह्यला होता. आकडा वर जायचा, मीटर घाईने बंद करायचा. आकडा घसरायचा, मीटर सगळा जोर लावायचा. नळी फुगली, बारीक झाली, तुटली. परत अजगर, परत बकरी.

स्वप्नीलला असा आनंद झाला की विचारू नका. प्रत्येक लूमवर जाऊन सांगून आला, "बघा, शिकलेला मीटर. माझ्यापेक्षा बरा नाही निघाला." मीटरचं वागणं हुबेहूब आपल्या पहिल्या दिवसासारखं आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एवढ्या मोठ्या कारखान्यात आपल्यासारखं कुणीतरी आहे म्हणून त्याला थोडी मायाही वाटली.

शेठजींनी राजस्थानात फोन लावला. अर्पित म्हणाला, आल्यावर बघतो, तोपर्यंत मीटरचं आपोआप चालणं बंद करून तो हातावर टाका आणि नानांना बसवा. झालं. स्वप्नीलच्या मनासारखं झालं. नाना परत मशीनवर.

पण जुना काटा निघालेला होता. काट्याचं निदान तोंड कुठे आहे ते नानांना अंदाजाने कळायचं. हे लाल आकडे त्यांना नुसते लाल दिसायचे, डाग पडल्यासारखे. मीटर हातावर चालवायचा म्हणजे चहाची सोय नाही, सारखं समोर उभं राहायचं. वर वैशाखातलं जळगाव, पत्र्याचं छत, आणि बाजूला तापलेलं मशीन. स्वप्नील आकडे वाचायचा, नाना बारीक बटनं चाचपडायचे, चुकीचं दाबायचे, परत दाबायचे. त्यांचा सदरा दुपारपर्यंत पाठीला चिकटलेला असायचा. एका दुपारी ते दाण्याच्या गोणीवर बसले ते उठेनात. डोळे गच्च मिटलेले, त्यांतून पाणी येत होतं.

स्वप्नील पाण्याची बाटली घेऊन पळत आला. "नाना, तुम्ही घाबरू नका. तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही. मी आहे ना."

"तेच त शे," नाना म्हणाले. "तू शे ना."

"म्हणजे?"

नानांनी बाटली घेतली, प्यायले, उरलेलं पाणी डोळ्यांवर मारलं. "हाऊ मीटर मीच आनाले लावा. अर्पितशेठले मीच सांगं. मना डोया गयात. मीटर बसाडा, पोरले मशीन द्या, माले सोडा, असं सांगं."

मीटर नानांनीच मागवला होता, स्वतःला सुटता यावं म्हणून. स्वप्नील गोणीशेजारी खालीच बसला.

"धुळाले ऑपरेशन करानं शे. सारिकानी बठ्ठं ठरायेल शे." सगळं ठरवणारी सारिका म्हणजे नानांची मुलगी, सोनगीरलाच दिलेली. तिच्या नवऱ्याची हायवेवर चहाची टपरी. "आखाजीनंतर लगेच जानं व्हतं. डाक्टर म्हने, उशीर करू नका. आते हाऊ मीटर चालस नही, त मी कसा जाऊ?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू मनासाठे इतला भांडस. तुले कसं सांगू का माले भांडणच नको?" नानांनी बाटलीला झाकण लावलं. "टपरीवर बसीसन ट्रका पाहासू. ट्रक मोठी ऱ्हास. तितली दिसस अजून."

स्वप्नीलचे हात पहिल्यांदा नुसते मांडीवर पडून राहिले. नानांसाठी नानांचेच डोळे अडवून बसलो आपण. एवढं अचूक नुकसान तर दुश्मनालाही जमलं नसतं. त्याने मग सगळं सांगितलं. हितेंद्रचा फोन, रिकामं मशीन, पंखा, शुभेच्छा.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग गळ्यातला रुमाल काढून त्यांनी अंदाजाने स्वप्नीलच्या डोक्यावर हाणला. तो गोणीला लागला. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा स्वप्नीलनेच डोकं पुढे केलं.

"शुभेच्छा?" नाना म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, तसं खोकलाही आला. "अर्पितशेठ आज येस. जाय, सांग. जसं व्हयनं तसंच सांग. जास्त सांगू नको. तू जास्त सांगस."

स्वप्नीलने ऑफिसच्या दारापर्यंत जाताना भाषण तयार केलं. त्यात राजीनामा होता, नानांची सेवा होती, कामगारांची बाजूही कुठून तरी आली होती. आत अर्पित प्रवासाच्या बॅगेवरच बसला होता. समोर खुर्चीत मांजी.

"अर्पितभाऊ, त्या दिवशी हितेंद्रभाऊंनी शुभेच्छा नव्हत्या दिल्या," स्वप्नील म्हणाला, आणि पुढचं भाषण आटलं. उरलेलं त्याने खाली बघत दोन वाक्यांत सांगितलं. नानांच्या ऑपरेशनचंही सांगितलं.

अर्पितने खिशातून फोन काढला. "मी त्याला थँक्यूचा मेसेज टाकला रे. म्हटलं, तुझ्या शुभेच्छा पोचल्या. त्याने हात जोडलेला फोटो पाठवला."

मांजींनी पदर तोंडाला लावला.

"तुला काढून टाकलं पाहिजे," अर्पित म्हणाला.

"हो."

"पण तुला काढलं तर नाना कुणावर मशीन सोडून जातील?" त्याने डोक्याला हात लावला. "ऐक. उद्या परत ऑटोट्यून करायचं. भरलेल्या मशीनवर. तू समोर बसायचं, आणि ते संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. कशालाही. ही शिक्षा समज."

"मुहूर्त?" मांजींनी विचारलं.

"दादी, दाणा पडून मशीन तापलं की तोच मुहूर्त."

"मग तापलं की मला बोलव," मांजी म्हणाल्या. "पण कुंकू मी आकड्यांवर नाही लावणार. मागच्या वेळी त्यानेच बिघडलं असेल." स्वप्नीलच्या मनात आलं होतं की हो म्हणावं. पण जास्त बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाणा टाकला, स्क्रू रोजच्या वेगाला आला, नळ्या पाण्यात पडायला लागल्या. पंखा बंद. हितेंद्र फोनवर होता, आणि या वेळी फोन अर्पितच्या कानाला. ऑटोट्यून दाबलं. दिवा लुकलुकू लागला.

स्वप्नील स्टुलावर बसला. शेजारी गोणीवर नाना.

आकडा चढला. पाहिजे तिथे आला आणि थांबला नाही, पुढे गेला. स्वप्नीलचा उजवा हात आपोआप उचलला.

"खिसामा," नाना म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना माहीत होतं.

हात खिशात गेला. आकडा अजून वर. नळी पातळ व्हायला लागली. स्वप्नीलने खिशात सापडलेला प्लास्टिकचा दाणा चिमटीत गच्च दाबून धरला.

"नाना, जळेल ना ते."

"चूप बस. तो शिकी ऱ्हायना."

आकडा उतरला, खाली गेला, नळी जाड झाली, परत चढला. घामाची धार स्वप्नीलच्या नाकावरून ओठावर आली, आणि तीही पुसता येईना. हा मीटरही पुढे जातो, आपणही जातो. पण हा मुद्दाम जातो आणि किती गेलो ते बघून येतो. आपण गेलो की तिकडेच राहतो, दप्तरासकट. हे त्याला सुचलं आणि त्याने ते मनातल्या मनातच ठेवलं. त्याच्यासाठी हेही नवीनच.

दिवा लुकलुकायचा थांबला. आकडा हळूहळू आपल्या जागी येऊन बसला. थोडा हलला, परत बसला. पाण्यात पडणाऱ्या नळ्या एकसारख्या दिसायला लागल्या. नानांनी एक नळी उचलून दोन बोटांत धरून लांबपर्यंत ओढली. कुठे फुगवटा लागला नाही. त्यांनी ती गोल गुंडाळून खिशात टाकली.

"चहा सांग," ते म्हणाले.

अर्पितने मग ती चालता चालता शिकायची सोयही चालू केली. पहिला धडा बरोबर बसल्यावरच ती चालू करायची असते म्हणे. मांजींनी कुंकू मीटरच्या डोक्यावर लावलं. थोडं स्वप्नीलच्याही लावलं. याने काय केलं म्हणून लावलं ते कुणी विचारलं नाही.

नाना त्याच आठवड्यात सोनगीरला गेले. धुळ्याला ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी टपरीवरून, जावयाच्या मोबाइलवरून फोन केला. मागून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. स्वप्नील मशीनसमोर उभा होता. मशीन त्याच्याकडे होतं, म्हणजे खरं तर मीटरकडे होतं आणि मीटर त्याच्याकडे होता. सबंध दिवस काही करायचं नसायचं. एवढं अवघड काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

"ट्रकवरलं नाव वाचाले येस आते," नाना म्हणाले. "मशीन कसं शे?"

"एकदम मस्त नाना. आकडा हलत नाही."

"आन तू?"

"मी कशालाच हात लावत नाही. दोन्ही हात खिशात आहेत."

पलीकडे एक ट्रक हॉर्न देत गेला.

"मंग फोन कोनी धरेल शे?" नानांनी विचारलं.

स्वप्नीलने आपल्या हाताकडे बघितलं. दुसराही खिशात नव्हता. तो मीटरच्या बटनापासून बोटभर अंतरावर होता.

त्याने तो हळूच खिशात घातला आणि शेजारच्या लूमवाल्याला चहा सांगायला लावला.